सहा आठवडे, पाच जोड

मे महिना लागला की मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, "यंदा जाणार का?" आणि दुसरा, "बॅगा भरायला घेतल्या का?" मुलांच्या शाळा सुटतात त्या उन्हाळ्यात. त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्यापैकी पुष्कळांची भारतवारी पडते ती ऐन पावसाळ्यात. तिकिटांचा विचार सहा महिने आधी सुरू होतो, भेटवस्तूंचा दोन महिने आधी, आणि कपड्यांचा मात्र आदल्या रात्री. "असू देत दोन जास्तीचे" असे म्हणत बॅगेवर बसून चेन लावली जाते. तिकडे गेल्यावर पहिला आठवडा मजेत जातो. तिसऱ्या आठवड्यात घरभर ओले कपडे लोंबू लागतात, आणि पाचव्या आठवड्यात मुले शर्ट नाकाशी नेऊन तोंड वाकडे करतात.

आमच्या घरात धुण्याचे खाते गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. भारतात गेल्यावरही ते माझ्याकडेच असते. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. लांबच्या प्रवासाला किती कपडे न्यायचे हे मुक्कामाच्या दिवसांवरून ठरवू नये. धुतलेला कपडा तिथे वाळायला किती वेळ लागतो यावरून ठरवावे. आणि ते कपडे धुणार कोण, हे बॅग भरण्यापूर्वी ठरवावे. या दोन गोष्टी एकदा पटल्या की बाकीचे सगळे तपशील आपोआप जागेवर बसतात.

वजनाचा हिशेब

घरातला वजनकाटा घ्या आणि एकेक कपडा त्यावर ठेवून पाहा. मोठ्या माणसाची जीन्स साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते. टी-शर्ट १५० ग्रॅमच्या आसपास. आतले कपडे, मोजे वगैरे धरून एका दिवसाचा जोड ८५० ग्रॅमच्या घरात जातो. बेचाळीस दिवसांचे बेचाळीस जोड घेतले, तर ३५ किलोच्या वर वजन होते, तेही एका माणसाचे. विमान कंपन्या एका बॅगेला सहसा २३ किलोची, म्हणजे ५० पौंडांची मर्यादा घालतात, आणि त्यातले चार-पाच किलो रिकाम्या सूटकेसचेच असतात. बेचाळीस जोड कोणी नेत नाही हे खरे, पण पंधरा-वीस नेणारे पुष्कळ आहेत.

आता दुसरा हिशेब पाहा. पातळ सुती किंवा टेरिकॉटचा सदरा, हलकी पॅन्ट आणि आतले कपडे असा जोड अर्ध्या किलोत बसतो. असे पाच जोड म्हणजे अडीच किलो! एक समारंभाचा पोशाख, एक पातळ स्वेटर आणि रात्रीचे कपडे धरले तरी पाच-सहा किलोंत सहा आठवड्यांची सोय होते.

देशांतर्गत विमानप्रवास असेल तर या हिशेबाला आणखी महत्त्व येते. मुंबईहून पुढे नागपूरचे तिकीट वेगळे काढले असेल, तर बहुधा १५ किलोंचे सामान आणि हातात ७ किलोंची पिशवी एवढीच मुभा असते. अमेरिकेहून आणलेल्या दोन मोठ्या बॅगा तिथे जादा ठरतात आणि त्यांचे पैसे भरावे लागतात. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा शेवटपर्यंत चालते. तिकीट काढतानाच हे पाहून घ्यावे.

कपडा वाळतो म्हणजे काय होते

ड्रायरच्या सवयीमुळे आपण एक गोष्ट विसरतो. कपडा वाळणे म्हणजे त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाणे. यासाठी दोन गोष्टी लागतात: उष्णता, आणि ती वाफ सामावून घेणारी हवा.

उष्णता किती लागते? एक लिटर पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला १०० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी ३० अंशांवर असताना त्याची वाफ करायला सुमारे ५८० लागतात. ड्रायर एवढी वीज का खातो, ते यावरून कळते. नागपूरला मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढलेला असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा हे काम सूर्य फुकट करतो. सकाळी दोरीवर टाकलेला सदरा चहा होईपर्यंत वाळतो.

जुलैतली मुंबई मात्र निराळी. तिथे त्या एका महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. कपडे बाहेर घालता येत नाहीत म्हणून आपण ते खोलीत दोऱ्या बांधून वाळत घालतो आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतो. इथेच सगळे अडते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी बंद खोली धरा. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा असते. तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत मिळून साधारण ८५० ग्रॅम. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली ७२० ग्रॅम जागा आधीच भरलेली असते. उरली १३० ग्रॅम. हाताने पिळलेल्या एका जीन्समध्ये जवळजवळ तिच्या वजनाइतके, म्हणजे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम पाणी असते. म्हणजे त्या बंद खोलीत एक जीन्ससुद्धा वाळू शकत नाही, आणि आपण तिथे चार जीन्स, सहा टॉवेल आणि एक चादर टांगलेली असते.

खिडकी किलकिली ठेवून पंखा लावला तर? बाहेरची हवाही ओलीच, पण ती बदलत राहते. त्या एका जीन्ससाठी खोलीतली हवा निदान पाच वेळा पूर्ण बदलावी लागते, आणि पंखा व उघडी खिडकी यांच्या मदतीने ते काही तासांत होऊ शकते. म्हणून पावसाळ्यात नियम असा: कपडे आत वाळत घातले की खिडकी उघडी हवी. वातानुकूलन यंत्र असेल तर उलट करावे. खिडकी बंद, यंत्र सुरू आणि पंखाही सुरू. ते यंत्र हवेतली वाफ थंड करून तिचे पाणी करते आणि नळीने बाहेर सोडते. बाहेर जे थेंब ठिबकताना दिसतात, त्यांत आपल्या कपड्यांतले पाणीही असते.

आजीच्या काळी माजघरात छताजवळ दांड्या टांगलेल्या असत आणि काठीने त्यांवर धुणे वाळत घातले जाई. सोवळ्याचे कपडे कोणाचा हात लागू नये म्हणून वर असत हे खरे. पण घरातली गरम हवा वर जाते, त्यामुळे कपडे तिथे लवकर वाळत हेही तितकेच खरे. आता पुष्कळ फ्लॅट्समध्ये दोरी ओढून खालीवर करता येणाऱ्या दांड्या बसवलेल्या दिसतात. रूप नवे असले तरी युक्ती आजीचीच आहे.

जोड किती न्यावे

यासाठी मी एक साधे सूत्र वापरतो. किती दिवसांनी धुणे होणार ते दिवस, अधिक कपडा वाळायला लागणारे दिवस, अधिक एक. तो शेवटचा एक म्हणजे अंगावर चहा सांडला, गाडीने चिखल उडवला, नळाला पाणी आले नाही, अशा प्रसंगांसाठी.

पुण्यात जुलैमध्ये एक दिवसाआड धुणे आणि वाळायला दोन दिवस धरा. दोन अधिक दोन अधिक एक, म्हणजे पाच जोड. कोकणात मुसळधार पाऊस असेल तर वाळायला तीन दिवस धरावेत आणि जोड सहा होतात. नागपुरात मे महिन्यात रोज धुणे आणि त्याच दिवशी वाळणे, म्हणजे तीन जोड पुरतात. मुक्काम सहा आठवड्यांचा असो की सहा महिन्यांचा, आकडा बदलत नाही. हे एकदा मनावर ठसले की बॅग निम्मी रिकामी होते.

आपल्याकडे याची सर्वांत मोठी शाळा म्हणजे आषाढी वारी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी जवळजवळ तीन आठवडे चालतो, तेही पावसाच्या तोंडावर. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते, पण ते असते एका पिशवीएवढेच. एक जोड अंगावर, एक वाळत, एखादा कोरडा ठेवलेला, आणि खांद्यावर पंचा. मुक्कामी जिथे पाणी मिळेल तिथे धुवायचे आणि मिळेल त्या वाऱ्यावर वाळवायचे. या हिशेबात वर सांगितलेले सूत्र आधीच बसलेले आहे.

एका मुक्कामाहून दुसरीकडे जाताना आणखी एक नियम उपयोगी पडतो. जिथे निदान दोन रात्री राहायचे आहे, तिथेच धुणे काढावे, आणि तेही पोचल्या संध्याकाळी. उद्या सकाळी निघायचे असेल तर आज काहीही भिजवू नये. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवला की संध्याकाळपर्यंत त्याला वास येतोच.

कापड कोणते

सुती कपडे अंगाला बरे वाटतात, पण ते पाणी धरून ठेवतात. वस्त्रोद्योगात कापडाची ही ओढ मोजण्याची ठरलेली पद्धत आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवल्यावर पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी घेत नाही, नायलॉन सुमारे ४ टक्के घेते, कापूस सुमारे ८, रेशीम सुमारे ११ आणि लोकर सुमारे १६ टक्के. म्हणजे वरवर कोरड्या दिसणाऱ्या सुती सदऱ्यातही पाणी असतेच, आणि पावसाळ्यात ते आणखी वाढते. जुलैतला सुती कपडा हाताला सतत दमट लागतो तो यामुळेच.

पॉलिएस्टर लवकर वाळते, पण घाम शोषत नाही आणि त्याला अंगाचा दर्पही लवकर चिकटतो. म्हणून रोजच्या वापरासाठी कापूस आणि पॉलिएस्टर यांचे मिश्रण, म्हणजे आपले जुने टेरिकॉट, किंवा अगदी पातळ विणीचे सुती कापड, ही मधली वाट मला योग्य वाटते. कापडाच्या जातीइतकीच त्याची जाडीही महत्त्वाची. पातळ मलमलचा कुडता रात्रीत वाळतो, तर जीन्सची कंबर आणि खिसे तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतात. जीन्स न्यायचीच असेल तर विमानात अंगावर घालून जावी, आणि ती एकच असावी.

टॉवेलचेही तसेच. इथले जाड टर्किश टॉवेल इथेच राहू द्यावेत. गावात कोणत्याही कापडाच्या दुकानात पंचा मिळतो. तो अंग पुसतो, डोके पुसतो, पिळला की पाणी सोडतो आणि पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळतो. प्रत्येकाला दोन पंचे घ्यावेत आणि ते एकमेकांचे वापरू नयेत. नायटा, गजकर्ण यांसारखे बुरशीचे त्वचारोग दमट कपड्यांमुळे आणि सामाईक टॉवेलमुळे फोफावतात, आणि ते चिवट झाले की महिनोन्महिने पाठ सोडत नाहीत. आतले कपडे आणि मोजे पूर्ण वाळल्याशिवाय घालू नयेत, हा नियम मुलांच्या बाबतीत तरी कसोशीने पाळावा.

धुणार कोण

आता ज्या प्रश्नाबद्दल आपण सहसा बोलत नाही, त्याकडे वळतो. चार माणसांच्या कुटुंबाचे रोजचे धुणे तीन किलो धरले, तर सहा आठवड्यांत ते सव्वाशे किलो होते. हात लागण्याआधीचे हे कोरडे वजन आहे. पिळून ओल्या कपड्यांची बादली उचलताना ते दुप्पट असते. ही बादली कोण उचलते? एक तर पंचाहत्तरीची आई, नाही तर सकाळी चार घरची कामे करून आलेल्या मावशी.

घरी यंत्र असले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. तिकडची यंत्रे बहुधा सहा-सात किलोंची असतात आणि दोन माणसांच्या संसारासाठी घेतलेली असतात. अनेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच येते, काही सोसायट्यांत टँकर मागवावा लागतो, आणि विंधण विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, पांढरे कपडे मळकट दिसू लागतात. ड्रायर जवळजवळ कोणाकडेच नसतो. आपण आल्याचा आनंद आईला इतका असतो की ती यातले काहीही बोलून दाखवत नाही. "राहू दे रे, मी बघते" एवढेच म्हणते. तो शब्द आपण खरा मानू नये.

मावशींचे वेतन घरातली माणसे आणि काम पाहून ठरलेले असते. दोन माणसांच्या घरात एकदम सहा माणसे झाली की त्यांचे काम तिप्पट होते. निघताना हातावर बक्षिसी ठेवून ही भरपाई होत नाही, कारण तोपर्यंत सहा आठवडे त्यांनी ते काम केलेले असते आणि काही मिळेल की नाही हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून पहिल्याच दिवशी, आईला विचारून आणि तिच्यासमोर, स्पष्ट बोलावे: "मावशी, आम्ही चौघे सहा आठवडे आहोत. धुण्याचे किती वाढवून देऊ?" आईला मध्ये घेण्याचे कारण असे की आपण डॉलरच्या हिशेबाने भलताच आकडा बोलून जातो आणि आपल्यामागे तिला तो निभवावा लागतो. मावशींना नको असेल तर "नको" म्हणण्याची मोकळीकही त्यांना हवी. मग जवळच्या लाँड्रीत किलोवर धुऊन देण्याची सोय शोधावी. शहरांत ती आता सहज मिळते.

यात आपला वाटाही असावा. आतले कपडे ज्याचे त्याने आंघोळीच्या वेळी धुवावेत, ही आपल्याकडची जुनी चांगली रीत आहे. बारा वर्षांच्या मुला-मुलीला अर्धी बादली पाणी, साबणाची वडी आणि पंधरा मिनिटे एवढ्यात स्वतःचा एक जोड धुता येतो. पहिले दोन दिवस कुरकुर होते, नंतर सवय होते. आजीला बरे वाटते, आणि बटण दाबल्याने कपडे स्वच्छ होत नाहीत, कोणाचे तरी हात लागतात, हे मुलांना न सांगता कळते.

मोरीतले धुणे

हाताने धुण्याचीही एक पद्धत आहे. कपडे अर्धा तास भिजवावेत. रात्रभर भिजत घालू नयेत, कारण उबदार हवेत त्या पाण्याला वास येतो. कॉलर, बाही आणि पॅन्टचा तळ एवढेच ब्रशने घासावे, बाकीचा कपडा नुसता चुबकला तरी पुरे. दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळावा. साबण उरला की कपडा कडक होतो आणि मळही लवकर धरतो.

पिळल्यावर एक युक्ती जरूर करावी. ओला कपडा कोरड्या पंच्यावर पसरावा, दोन्ही एकत्र गुंडाळावे आणि ती गुंडाळी दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी. पंचा पाणी ओढून घेतो आणि वाळण्याचा वेळ चांगलाच कमी होतो. नंतर कपडा जोरात झटकून वाळत घालावा. झटकल्याने सुरकुत्या मोडतात. दोन कपड्यांमध्ये वितभर अंतर ठेवावे, पॅन्ट उलटी करून खिसे बाहेर काढावेत, आणि दोरीवर दुमडून टाकण्यापेक्षा सदरा हँगरला लावावा. बारीक नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे बॅगेत असले की कुठेही अडत नाही.

इतके करूनही कुबट वास आला तर त्याचे कारण समजून घ्यावे. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की घरात वाळवलेल्या कपड्यांच्या या विशिष्ट वासाला मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू जबाबदार असतो. कापडात उरलेला घाम आणि त्वचेचे तेल यांवर तो वाढतो, आणि कपडा जितका वेळ ओला, तितकी त्याची वाढ जास्त. अत्तर किंवा पावडर लावून हा वास जात नाही. कपडा पुन्हा, शक्य तर कडकडीत पाण्यात धुवावा आणि लवकर वाळवावा.

डागांबद्दल थोडेसे

लग्नघरी हळद लागणारच. हळदीच्या डागावर साबण लावला की तो एकदम लाल होतो आणि माणसे घाबरतात. हळदीतले रंगद्रव्य क्षारात लाल होते, एवढेच. साबण पूर्ण धुतला की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि उन्हात ठेवला की फिका पडत जातो. पावसाळ्यात तासभर ऊन पडले तर आधी तो कपडा बाहेर काढावा. चिखलाचा डाग ओला असताना चोळू नये. वाळू द्यावा, झाडावा, मग धुवावा. रक्ताला थंड पाणी, तेलाला आधी पिठी किंवा पावडर आणि मग साबण. आणि डाग गेल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नये.

परीटघडीचे कपडे

समारंभाच्या कपड्यांसाठी इस्त्री लागते, पण इथली इस्त्री तिकडे नेऊ नये. इथे वीज १२० व्होल्टची, तिथे २३०ची. १२०० वॅटची इस्त्री तिथे लावली तर ती चार हजार वॅटच्या वर ओढू पाहते आणि क्षणात जळते. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी नसेल तर ती घरीच ठेवावी. तशीही गरज नसते, कारण कोपऱ्यावर इस्त्रीवाला असतोच. त्याच्या जड इस्त्रीचा हात फिरला की जी घडी पडते ती आपल्या हलक्या इस्त्रीने पडत नाही. कपडे देताना मोजून द्यावेत आणि नेमके कधी हवेत ते सांगावे. लग्नसराईत त्याच्याकडे गठ्ठे साचलेले असतात.

कपडे बाहेर धुवायला देताना खूण करून द्यावी. पूर्वी परीट बिब्ब्याच्या रसाने अशी खूण करीत, जी कितीही धुतले तरी जात नसे. इंग्रजीत बिब्ब्याला खुणेचे फळ अशा अर्थाचेच नाव आहे. बिब्बा उततो हे आपण लहानपणी ऐकले आहे. अमेरिकेच्या रानातल्या पॉयझन आयव्हीच्याच कुळातले हे झाड, आणि त्यातले दाहक द्रव्यही त्याच जातीचे. त्या खुणेमुळे मानेवर चट्टे उठल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आपण आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालावेत. काम तेच होते आणि त्रास नाही.

पैठणी किंवा रेशमी साडी प्रवासात घरी धुवू नये. नेसून झाल्यावर सावलीत वाऱ्यावर पसरावी, घाम पूर्ण वाळू द्यावा आणि मग सुती कापडात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. खऱ्या जरीत चांदी असते, आणि चांदी हवेतल्या गंधकाच्या अंशाने काळवंडते. म्हणून जरीवर अत्तर उडवू नये आणि ती उघडीही टाकू नये.

काही जण तिकडे घालायचे कपडे आईच्या कपाटातच ठेवून येतात. युक्ती उत्तम आहे, पण त्यांत डांबराच्या गोळ्या असतील तर तान्ह्या मुलांचे कपडे धुऊन, वाऱ्यावर ठेवूनच वापरावेत. विशिष्ट आनुवंशिक दोष असलेल्या बाळांत त्या गोळ्यांच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवणे अधिक बरे.

भरताना आणि परतताना

एका बॅगेत एकाच माणसाचे सगळे कपडे भरू नयेत. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एक जोड ठेवला की एखादी बॅग मागे राहिली तरी कोणी उघडा पडत नाही. हातातल्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे असावेत. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन वाचत नाही, हे लक्षात ठेवावे. मळक्या कपड्यांसाठी सुती उशीचा अभ्रा घ्यावा. त्यातून हवा खेळते. साबण पावडर इथून नेऊ नये, तिकडे कोपऱ्यावर मिळते.

परतताना घाई असते आणि शेवटच्या दिवशीचे धुणे ओलसरच बॅगेत जाते. निघण्याच्या दोन दिवस आधी धुणे बंद करावे आणि उरलेले मळके कपडे कोरडेच आणावेत. इथे ड्रायर आहेच. तिकडे वापरलेले टी-शर्ट चांगल्या स्थितीत असतील तर धुऊन, घडी करून, कोणाला हवे आहेत का ते विचारून द्यावेत. मळके कपडे देऊन येऊ नये. रिकाम्या झालेल्या जागेत मेतकूट, गोडा मसाला आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मावते. ती गोधडी मात्र कडकडीत वाळवून आणावी.

उलट दिशेचा प्रवास

आई-वडील इकडे येतात तेव्हा हीच गोष्ट उलटी होते. त्यांच्या सुती साड्या, धोतरे आणि सदरे ड्रायरच्या उष्णतेने आटतात, म्हणून त्यांच्यासाठी घरात एक घडीचा स्टँड ठेवावा. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की सुती साडी त्यावर रात्रीत वाळते आणि हवेला थोडी ओलही मिळते. अनेक वसाहतींत बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई असते. पण फ्लोरिडा, मेन, व्हरमाँट यांसारख्या काही राज्यांत कायद्याने अशी सरसकट बंदी करता येत नाही. आपल्या वसाहतीचा नियम आधीच पाहून ठेवावा, म्हणजे आईने मोठ्या हौसेने कठड्यावर टाकलेली साडी कोणी काढायला लावणार नाही.

यंत्राची बटणे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी शांतपणे समजावून द्यावीत, हवे तर मराठीत चिठ्ठ्या चिकटवाव्यात. दुसऱ्याच्या घरात आपले कपडे कोणाला तरी धुवायला द्यावे लागणे हे त्यांनाही आवडत नाही, आपल्यालाही आवडत नसते. ज्याचे धुणे त्याच्या हातात राहील एवढी सोय दोन्ही घरांत झाली, तर सहा आठवडे काय, सहा महिनेही कोणाला जड जात नाहीत.